रायफलच्या स्कोपसाठी (नेम धरायच्या दुर्बिणीसाठी) म्हणून चष्म्याचा नंबर घालवणारं लेसर करून घ्यावं का?

चष्मेवाला: चष्म्याचा कंटाळा आला म्हणून लेसर करा, खुशाल करा. पण 'स्कोपमधून नेम सुधारेल' एवढ्याच आशेवर डोळ्याला हात लावू नका. साधा प्लस-मायनस नंबर आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) रिंग फिरवली की तिथेच भरून निघतो, दोन-तीन नंबरपर्यंत बहुतेक स्कोप सांभाळून घेतात. उलट लासिकमध्ये (लेसरच्या एका प्रकारात) कॉर्नियातल्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातल्या) नसा कापल्या जातात, त्यामुळे पुढचे काही महिने डोळे कोरडे राहू शकतात. नेम धरताना आपण पापणी मारायचं विसरतोच. झालं, क्रॉसहेअर (नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा) धूसर!

रानवाट: अजिबात पटलं नाही. स्कोपवरून डोळा उचलला की पुढे काय? लक्ष्याच्या मागे काय आहे, बाजूला कोण उभंय, हे उघड्या डोळ्यांनीच बघायचं असतं. चष्मा लावून झोपून नेम धरा, मान खाली जाते आणि नजर काचेच्या मध्यातून न जाता वरच्या कोपऱ्यातून जाते. नंबर मोठा असेल तर तिथून धड दिसत नाही. घामाने काच धुरकटते ते वेगळंच.

तिरपी_रेघ: दोघंही सिलिंडर नंबर (वेगवेगळ्या दिशांना वेगळा असणारा) विसरलात. रिंगने तो जात नाही. उभी रेघ स्वच्छ करावी तर आडवी जाड दिसते. रेड डॉटमध्ये (नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या काचेत) तर ठिपक्याच्या जागी शेपूट फुटलेला धूमकेतू. लेसरनंतर मला ठिपका ठिपक्यासारखा दिसायला लागला. माझ्यापुरता वाद संपला.

चष्मेवाला: सिलिंडरचं मान्य. पण तिन्हीसांजेला काय करता? अंधारात तरुण माणसाची बाहुली 7 मिमीपर्यंतही उघडते, आणि लेसरने पूर्ण सुधारलेला भाग साधारण 6 ते 6.5 मिमीचा. कडेने येणारा प्रकाश विस्कटतो, दिव्यांभोवती वलयं दिसतात.

रानवाट: ते नुसत्या डोळ्याचं झालं. स्कोपमधून बाहेर पडणारा झोत केवढा असतो? पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर. 40 मिमीची काच, 10 पट पॉवर, म्हणजे 4 मिमी. डोळा नीट मध्यावर असेल तर सगळा प्रकाश कॉर्नियाच्या मधल्या भागातूनच आत जातो, कडेचा संबंध येतो कुठे? हां, पॉवर 4 वर आणलीत तर झोत 10 मिमीचा होतो. तिथे तुमचं खरं.

नवखा_नेमबाज: लेसरनंतर झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागावी म्हणून केलेली स्कोपची जुळणी) हलतो म्हणतात, खरं का?

तिरपी_रेघ: छे! झिरो स्कोपच्या आत आणि माउंटवर (स्कोप रायफलीला धरणाऱ्या पकडीवर) असतो, डोळ्यात नाही. आयपीस मात्र नव्याने लावावी लागते. मोकळ्या आकाशाकडे स्कोप धरा (सूर्याकडे चुकूनही नको), क्षणभर बघा, नजर काढा, रिंग थोडी फिरवा, परत बघा. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच फोकस जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. आणि हे नंबर स्थिरावल्यावर करा, घाईने नको.

चष्मेवाला: गोळी सुटतानाच्या धक्क्याचं कुणीच बोललं नाही. जोरदार रायफलीवर डोळा पुढे नेऊन बसलात आणि स्कोपची कड थेट डोळ्याला लागली, तर लासिकचा फ्लॅप (कॉर्नियाचा कापून परत बसवलेला पातळ पापुद्रा) सरकू शकतो. पीआरकेमध्ये (लेसरच्या दुसऱ्या प्रकारात) फ्लॅपच नसतो, पण दुखतं जास्त आणि नजर साफ व्हायला वेळही जास्त लागतो. ज्यांना करायचंच आहे त्यांनी हे डॉक्टरांशी आधी बोलावं. चाळिशी उलटली असेल तर नेमाचा डोळा कुठला तेही सांगा. एक डोळा लांबचा, एक जवळचा अशी वाटणी करतात, त्यात नेमाचा डोळा जवळचा करून बसाल.

रानवाट: हे बरोबर बोललात. बाकीच्यावर भांडण चालू.