चर्चा : ‘जमेल तेव्हा या’ म्हणणाऱ्या समूहगानाच्या ग्रुपमध्ये जावं का? (सांगली)

सई_विश्रामबाग
आमच्या भागात समूहगानाचा ग्रुप सुरू झालाय. ऑडिशन नाही, फी नावापुरती. मंगळवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तालीम, दोन्हीकडे तीच गाणी. जमेल त्या दिवशी या, नाही आलात तरी कुणी विचारणार नाही. दिवाळी पहाटेला कार्यक्रम. नोकरी, पोरांचे क्लास, सासूबाईंची औषधं सांभाळणाऱ्या बाईला याशिवाय गाणं मिळणार कसं? हजेरीची सक्ती केली की ग्रुपात फक्त रिटायर्ड मंडळी उरतात. मी जावं म्हणतेय. घरात मात्र सगळे म्हणतात, असल्या ग्रुपात गाणं होत नसतं.

मिरजेचा_तंबोरा
घरचे बरोबर बोलतायत, ताई. मिरजेत सतारमेकर गल्लीत कारागीर जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, कधी बघा. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जरा घासतो, तार छेडतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, परत ऐकतो. एका तारेला एवढा वेळ, आणि तुम्ही तीस गळे ‘जमेल तेव्हा’ जुळवणार? ज्या मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांसारखे गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे राहून शिकले, तिथून दहा किलोमीटरवर तालीम ऐच्छिक! चालू द्या.

हळदपेठ
काका, प्रत्येक वेळी बुवा कशाला मधे आणताय? गाणं शिकून गवई व्हायचं नाहीये त्यांना. आमच्या भजनी मंडळात कुठली आलीय हजेरी? एकानं चरण म्हणायचा, बाकीच्यांनी धृपद उचलायचं. आठ आले तरी भजन होतंय, चाळीस आले तरी होतंय की. कापणीच्या दिवसांत निम्मी माणसं रानात असतात, म्हणून काय भजन बंद पडलंय?

सई_विश्रामबाग
अगदी हेच म्हणायचं होतं मला.

पुण्याहून_परत
थांबा, भजन आणि हे एक नाही. भजनात सगळे एकच ओळ गातात आणि ती दहा वेळा येते. नवा माणूस तिसऱ्या फेरीला धरतो. तुमच्या ग्रुपात सगळे एकसुरात गाणार की आवाजांचे भाग आहेत, ते आधी विचारा. सोप्रानो, आल्टो (बायकांचे वरचे-खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे वरचे-खालचे) असं चार भागांत बसवलं असेल तर प्रत्येक भागाची चाल वेगळी. टेनर कुठल्याही ग्रुपात कमीच असतात. दोघांतला एक आला नाही की दुसरा हमखास बायकांच्या चालीवर घसरतो.

श्वासाचंही तसंच. लांब आकार धरायचा तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारचा घेतो तेव्हा आपण सूर धरून ठेवायचा. दर वेळी शेजारी नवीन माणूस असला की हे बसत नाही, सुरात भोक पडतं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं.

एकसुरात गाणार असाल तर पट्टीचा घोळ. पेटीवर बघितलं तर बायका साधारण काळी चार-पाचला ‘सा’ धरून गातात, पुरुष काळी एक-दोनला. मधली पट्टी धरली की एकाचा घसा खाली खरवडतो, दुसऱ्याचा वर ताणतो. अर्थात हा त्रास रोज आलात तरी आहेच.

नेहमी_येणारी
एक वेगळंच सांगते. अशा एका ग्रुपात मी होते, नाव सांगत नाही. आम्ही सहा-सात जणी न चुकता जायचो. दर रविवारी कुणीतरी महिन्याभरानं उगवायचं, मग गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून. चहा, सतरंज्या, पेटीवाल्याला फोन, सगळं आमच्याच गळ्यात. आणि कार्यक्रमाच्या दिवशी भरजरी साड्या नेसून पुढच्या रांगेत कोण? तुमची सवलत कुणाच्या जिवावर चाललीय, ते बघा.

हळदपेठ
हे मात्र खरं. आमचंही भजन पखवाजवाला न चुकता येतो म्हणून चालतंय. तो पंढरीला गेला की आम्ही टाळ कुटत बसतो.

कुपवाड_शिफ्ट
सगळे पक्क्या वेळेवाल्यासारखे बोलताय. माझी एमआयडीसीत शिफ्ट दर आठवड्याला फिरते. मंगळवार पक्का म्हटलं की मी बाद. रविवार पक्का म्हटलं तरी नाइटवरून येऊन झोपू का गाऊ? ‘न चुकता या’ असं म्हणालात की गाणं फक्त दहा ते पाचवाल्यांचं राहतं. तेवढं मान्य असेल तर तसं बोर्डावर लिहा.

मिरजेचा_तंबोरा
लिहा की! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हा नटांना ‘जमलं तर या’ म्हणाले असते तर?

कुपवाड_शिफ्ट
भाव्यांच्या पाठीशी संस्थानिक होते, काका. माझ्या पाठीशी सुपरवायझर आहे.

पुण्याहून_परत
मधला रस्ता सांगतो. एरवी कधीही या, पण प्रत्येक भागाची चाल फोनवर रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवायची, घरी पाठ करून यायचं. आणि शेवटचे तीन आठवडे जो येणार नाही तो स्टेजवर नाही. ओळखीचा असला तरी नाही.

सई_विश्रामबाग
रेकॉर्डिंग उत्तम, भाकऱ्या थापताना ऐकीन. तीन आठवड्यांची अट मात्र गळ्याखाली उतरत नाही. दिवाळीआधी घरात साफसफाई, फराळ, सगळं बाईच्याच अंगावर येतं, आणि नेमकी तेव्हाच सक्ती? त्यापेक्षा कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवा.

नेहमी_येणारी
दिवाळीनंतर लग्नसराई, मग परीक्षा. तारीख कुठलीही धरा, अडचण असतेच. अट हवीच.

कुपवाड_शिफ्ट
अट घाला. पण शेवटचे तीन आठवडे म्हणजे आमचा दिवाळीआधीचा ओव्हरटाइम. मी तालमीला येत राहीन, स्टेजवर मला धरू नका.