मदत हवी आहे: विहिरीतून वाचलेल्या मुलाची गोष्ट शब्बाथशाळेत कशी सांगावी?

धागाकर्ता: पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. अचलपूर तालुक्यात आमचं गाव. ख्रिस्ती घरं वीस-बावीस. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा येतात, रविवारची शब्बाथशाळा मीच घेतो. माझी पदविका शेतीची, ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही. बालवाडी ते सातवी मिळून चौदा पोट्टे.

भादव्यात आमच्या वर्गातला दुसरीतला मुलगा शेळीच्या पिलामागे धावता धावता विहिरीत पडला. कठडा नाही, पाणी तोंडापासून दीड पुरुष खाली. मोटरचा पाइप हाती लागला म्हणून तो लटकून राहिला. शेजारच्या पऱ्हाटीत एक काका फवारणी करत होते. ते आमच्या चर्चचे नाहीत, बुद्धविहाराचं काम पाहतात. पाठीवरचा पंप टाकून आले, बाभळीला दोर बांधला आणि स्वतः उतरले. पोराच्या काखेखालून आपला दुपट्टा गुंडाळला, त्यावरून दोर बांधला. वरून चौघांनी ओढलं. काकांच्या दोन्ही तळहातांची सालटं निघाली.

मला वाटलं, तारणाचा धडा देवानं आयताच दिला. पुढच्या रविवारी फळ्यावर इफिसकरांस पत्र २:८-९ (तारण आपल्या कर्मांनी नाही, देवाच्या कृपेनं होतं) लिहिलं आणि सांगितलं की आपण खड्ड्यात होतो, आपल्याला निघता येत नव्हतं, येशू खाली उतरला. दहा मिनिटं छान गेली.

मग तोच मुलगा म्हणाला, "सर, म्या पाइप सोडला नाही म्हणून वाचलो. काका तं मांगून आले."

दुसरा म्हणाला, "काका तं आपल्या चर्चात येत नाहीत, मंग ते येशूसारखे कसे?"

दोन्ही वेळा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. वर्ग सुटल्यावर पाचवीतली एक मुलगी सतरंजी गुंडाळायला थांबली. तिनं खाली बघतच विचारलं, "माह्या बाबाले काहून नाही काढलं?"

तीन वर्षांपूर्वी तिचे वडील त्यांच्याच शेतातल्या विहिरीत सापडले होते. कसे, ते गावाला माहीत आहे. आणि मी हे विसरून अर्धा तास विहिरीचं वर्णन करत बसलो होतो! तिला म्हणालो, पाणी पी अन् घरी जा. दोन रविवार झाले, ती आलेली नाही.

विहीर सोडून उत्तराखंडातल्या सिल्क्याराच्या बोगद्याची किंवा थायलंडच्या गुहेची गोष्ट घ्यावी का? की हा धडाच बंद करू? आणि त्या लेकराला काय सांगू?

निवृत्तबाई

धड्याचं नंतर बघा. आधी तिच्या घरी जा, मंडळींना सोबत न्या, पुस्तक नेऊ नका. "देवाची योजना होती" हे चुकूनही म्हणू नका. मी एकदा एका विद्यार्थ्याला म्हटलं होतं, त्याचा चेहरा अजून आठवतो.

योहानाचा ११वा अध्याय काढून बघा. लाजर मेल्यावर मार्था आणि मरिया दोघींनी येशूला हेच ऐकवलं: तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्यावर तो रागावला नाही. रडला. तुमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न त्या दोघींचाच आहे. तिला एवढं कळू द्या की असं विचारणं पाप नाही.

धर्मशिक्षणवाला

पाइपवाल्या पोराचं म्हणणं खरं आहे, ते कबूल करा. उदाहरण जिथं लंगडतं तिथं "हे इथपर्यंतच चालतं" असं मुलांना सांगावं, ती समजतात.

कृपेसाठी थायलंडची गोष्ट जास्त जवळची. २३ जून २०१८ला थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. २ जुलैला पाणबुड्यांना ते सापडले, ८ ते १० जुलैदरम्यान सगळे बाहेर आले. पाण्यानं भरलेल्या अरुंद वाटेत मुलं घाबरून धडपडली असती, म्हणून त्यांना भूल देऊन आणलं. त्या प्रवासात त्यांच्या हाती काहीच नव्हतं. आणि त्याआधी, ६ जुलैला, आत हवेच्या टाक्या ठेवून परतताना समन कुनान हा थाई नौदलाचा माजी पाणबुड्या वारला. वाचवणाऱ्याचा जीव जाणं विहिरीच्या गोष्टीत नाही, आपल्या शुभवर्तमानात तेच मध्यभागी आहे. पण वडील गेलेल्या मुलीसमोर हे सांगताना जपून. मी असतो तर सध्या टाळलं असतं.

सिल्क्यारा सोपं पडेल. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा दिवस, ४१ मजूर अडकले. सतराव्या दिवशी सगळे जिवंत निघाले. यंत्र तुटल्यावर शेवटचे दहा-बारा मीटर माणसांनी हातानं खणले. खणणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. काका आपल्या चर्चचे नाहीत, या दुसऱ्या पोराच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच निघतं. शिवाय लूक १० मध्ये जखमी वाटसरूला उचलणारा शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांतला, होता, याजक बाजूनं निघून गेला होता. काकांना येशूसारखं म्हणायला तुम्ही का बिचकता?

जुनीविहीर

दुपट्ट्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही? यिर्मया ३८ वाचा. संदेष्ट्याला चिखलाच्या हौदात टाकलं होतं. एबद-मलेख नावाच्या परक्या कूशी माणसानं त्याला काढलं आणि ओढण्याआधी दोरानं जुन्या चिंध्या खाली सोडल्या, काखेत घे म्हणाला, म्हणजे दोर काचणार नाही. काकांनी नेमकं तेच केलं! मी धडा यावरच घेईन. मुलांना एक दोर आणि एक फडकं हातात द्या.

वऱ्हाडीपोट्टा

मी तुमच्या धर्माचा नाही, आगाऊपणा माफ करा. पण ज्या विहिरीत पोरगं पडलं तिला कठडा बांधला का? निदान काट्यांचं कुंपण? तुमच्याच पुस्तकात कुठंतरी शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी विहिरीत पडलेला बैल काढण्याचं आहे ना?

पऱ्हाटीवाला

आहे, लूक १४. आणि कुंपणही झालं. रविवारी उपासना आटोपल्यावर आम्ही सहा जणांनी बोराट्या आणून घातल्या. कठड्याला पैसा लागेल, विहीरमालक दिवाळीनंतर बघू म्हणतो.

त्या मुलीच्या घरी आम्ही दोघं जाऊन आलो. चहा झाला, तिची आई सोयाबीनच्या भावावर बोलत राहिली. मुलगी दाराआड होती. निघताना मी एवढंच म्हणालो की त्या दिवशी माझं चुकलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. ती काही बोलली नाही. तिच्या आईनं मात्र रविवारची वेळ विचारून घेतली.

येत्या रविवारी यिर्मया घेतोय. काकांना वर्गात या म्हटलं, तर नको म्हणाले, फवारणी राहिली आहे. पोराच्या घरच्यांना सांगा म्हणे, दुपट्टा तेवढा परत द्या.