ड्युएलमध्ये पहिला वार कुणाचा? नियम ठरवायला सल्ला हवाय

अंबाजोगाईकर
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र मिळून ब्राउझरवरचा एक छोटा मराठी गेम चालवतो. एका ड्युएलमध्ये दोन खेळाडू, आळीपाळीनं वार. प्रत्येकाला १०० एचपी, म्हणजे जीवाचे पॉइंट; ते संपले की हरला. तलवारीचा साधा वार २० ते ३० यांमध्ये कितीही लागतो. शिवाय ढाल आणि औषध आहे. खेळणारे बहुतेक आपल्याच भागातले: लातूरच्या क्लासेसची पोरं, बीड-परभणीकडचे, काही संभाजीनगरला शिकायला असलेले.

सध्या ज्यानं आव्हान दिलं त्याचा पहिला वार असा नियम आहे. आणि त्यावरून आता रोज तक्रारी यायलेत. सारख्या लेव्हलचे दोघं भिडले की आव्हान देणाराच जास्त वेळा जिंकायलाय. मग काय, वरच्या नंबरवाले रँक जाईल म्हणून ऑनलाइन यायचंच टाळायलेत, आणि खालचे त्यांची वाट बघत बसायलेत. एका पोरानं लिहिलं, "दादा, हरलो त्याचं काही नाही, पण समोरच्याचा शेवटचा वार बसला तेव्हा माझा एक वार व्हायचाच होता." हे मला फार लागलं. गेममध्ये पैशाचा काही संबंध नाही, पण पोरं जीव लावून खेळतात. निकाल त्यांच्या डोक्यानं लागावा, आधी बटण कुणी दाबलं यावर नको.

माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत: छापा-काटा, चपळाईचा आकडा ठेवून जास्त चपळ तो आधी, किंवा दुसऱ्याला काहीतरी भरपाई. कुठला घ्यावा? ज्यांनी असं काही बनवलंय किंवा भरपूर खेळलंय त्यांनी सांगा.

नांदेड_कोडर
आव्हानाचा नियम आजच काढा. सर्व्हरवर रँडम टाका, एका ओळीचं काम आहे. बाकीचं निवांत ठरवा.

जालन्याचा_स्ट्रायकर
मी कॅरमवाला. कॅरममध्ये ब्रेक करणाऱ्याकडे पांढऱ्या सोंगट्या असतात आणि त्याला फायदा असतो, हे सगळे जाणतात. म्हणून टॉस एकदाच होतो, पुढच्या बोर्डाला ब्रेक समोरच्याकडे जातो. तुम्ही पण तेच करा. एका ड्युएलचे दोन डाव ठेवा, एकदा हा आधी, एकदा तो. १-१ झालं तर आपल्या जिंकलेल्या डावात ज्याचे एचपी जास्त शिल्लक राहिले तो विजेता.

गणितवाली_परभणी
कोडरभाऊंचा उपाय तातडीचा म्हणून ठीक आहे, पण त्यावर थांबू नका. छापा-काट्यानं फायदा दोघांत वाटला जातो, कमी होत नाही. महिनाभराच्या हिशेबात सगळे सारखे दिसतील, पण प्रत्येक ड्युएल तितकंच एकतर्फी राहील. आणि ते किती एकतर्फी आहे हे तुमच्याच आकड्यांवरून काढता येतं.

ढाल-औषध बाजूला ठेवा, फक्त वार धरा. तीन वारांत जास्तीत जास्त ९० जातात, म्हणजे तिसऱ्या वारात कुणी मरत नाही. पाच वारांत कमीत कमी १०० जातात, म्हणजे पाचव्याच्या पुढं कुणी टिकत नाही. थोडक्यात, समोरच्याला संपवायला चार तरी वार लागतात, नाहीतर पाच. चारची शक्यता ५३ टक्के, पाचची ४७. दोघांना सारखेच वार लागले तर पहिला जिंकतो, कारण त्याचा वार आधी पडतो. दुसरा कधी जिंकणार? फक्त पहिल्याला पाच लागले आणि त्याला स्वतःला चार पुरले तर. साधारण निम्म्याचं निम्मं, म्हणजे पाव. पहिल्याकडे ७५ टक्के, दुसऱ्याकडे २५. एकसारखे दोन खेळाडू, एकसारखी तलवार, आणि तरी तिप्पट फरक! तुमच्या त्या पोराची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

फरक एवढा मोठा का, तर तुमच्या वारात नशिबाचा भाग फार थोडा आहे. दोघांनाही चार नाहीतर पाचच वार लागतात, तिथं अर्ध्या फेरीची आघाडी खूप मोठी होते. एचपी ३०० केले तरी ती फारशी पातळ होणार नाही. उलट ड्युएल लांबेल, आणि मोबाइलवर खेळणाऱ्यांना लांब ड्युएल नको असतं, हेही खरं.

आता भरपाई. तत्त्व असं की पहिल्याकडे सरासरी अर्ध्या वाराची आघाडी असते, म्हणून त्याचा पहिलाच वार अर्ध्या ताकदीचा करायचा, १० ते १५. तुमच्या आकड्यांत हे बसतं. हिशेब केला तर पहिल्याला साधारण ४७, दुसऱ्याला ५३ येतात. पण हेच औषध डोळे झाकून दुसऱ्या शस्त्राला लावू नका. समजा, एखादी गदा आहे आणि ती दरवेळी बरोबर २५ चाच मार देते. तिथं भरपाई नसेल तर पहिला दरवेळी जिंकतो. अर्धा वार लावला तर चार वारांत त्याचे साडेसत्त्याऐंशीच होतात आणि दुसरा दरवेळी जिंकतो! नशिबाचा भाग जितका कमी, तितकी भरपाई एकदम या टोकावरून त्या टोकाला जाते.

म्हणून कुठलाही नियम घ्या, पण आधी एकसारख्या दोन बॉटना, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो अशा खेळाडूंना, आपसात लढवा. १०,००० लढती कॉम्प्युटरला काहीच नाहीत, आणि तेवढ्यांत उत्तर साधारण एक टक्क्याच्या आत खरं येतं. १०० लढती करून ठरवायला जाल तर दहा टक्के इकडंतिकडं होऊ शकतं. तेवढ्यावर नियम बदलू नका.

उदगीरचा_पत्तेवाला
ताईंशी सहमत. मोठ्या गेमवाल्यांनी पण भरपाईच दिलीय. हार्थस्टोन या पत्त्यांच्या कॉम्प्युटर गेममध्ये आधी खेळणाऱ्याला ३ पत्ते, नंतरच्याला ४ आणि वर एक नाणं, जे टाकलं की त्या टर्नपुरता एक माना (पत्ते टाकायला लागणारी ताकद) जास्त मिळतो. मॅजिक या पत्त्यांच्या गेममध्ये दोघांच्या खेळात आधी खेळणारा पहिल्या टर्नला पत्ता ओढत नाही. पोकेमॉनच्या पत्त्यांत पहिल्याला पहिल्या टर्नला हल्लाच करता येत नाही.

आणि एकदा भरपाई ठरली म्हणजे कायमची ठरली असंही नाही. गो या पटावरच्या खेळात काळ्या सोंगट्यांवाला आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला आयते गुण देतात. जपानमध्ये ते साडेपाच होते, २००२ मध्ये साडेसहा केले, कारण काळाच जास्त जिंकत होता. चीनमध्ये साडेसात देतात. तुम्ही नवीन शस्त्र आणलं की परत मोजावं लागणार, हे धरूनच चाला.

बीडचा_ट्रेनर
चपळाईबद्दल मी सांगतो, कारण पोकेमॉनच्या लढतीत सगळं त्यावरच चालतं. ज्याचा स्पीड जास्त तो आधी, सारखा असेल तर दरवेळी रँडम. पण त्यांच्याकडे त्याला तोडही आहे. क्विक अटॅकसारखी चाल स्पीड न बघता आधी लागते, पॅरालिसिस झाला की स्पीड घटतो, ट्रिक रूम टाकली की ५ टर्न हळू असेल तोच आधी. तुमच्याकडे तलवार, ढाल, औषध एवढंच आहे. तिथं नुसता चपळाईचा आकडा आणलात तर सगळे आपले पॉइंट चपळाईतच ओततील आणि बाकीचा गेम मरेल. तोडीच्या चाली आणायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

अंबाजोगाईकर
ताई, ७५-२५ वाचून धक्काच बसला. मी ५५-४५ धरून चाललो होतो. एक विचारू का, टेनिसच्या टायब्रेकसारखं केलं तर? पहिल्याचा एक, मग दुसऱ्याचे दोन, मग पहिल्याचे दोन, असं?

गणितवाली_परभणी
आकड्यांत ते छान बसतं. दुसऱ्याचा चौथा वार सातव्या क्रमांकावर येतो, पहिल्याचा आठव्यावर. पाचवा वार मात्र पहिल्याचा नववा, दुसऱ्याचा दहावा. म्हणजे दुसऱ्याला चार वार पुरले की तो जिंकला, नाहीतर पहिला. पुन्हा ५३-४७ दुसऱ्याच्या बाजूनं.

पण खेळणाऱ्याच्या बाजूनं बघा. सलग दोन वार म्हणजे ४० ते ६० एचपी एका दमात. मधे औषध घ्यायला जागाच नाही. ५० एचपीवर असलेला माणूस नुसता बघत बसणार. फुटबॉलवाल्यांनी पेनल्टीला हाच क्रम २०१७ मध्ये करून पाहिला आणि २०१८ मध्ये सोडला. गुंतागुंतीचा वाटला आणि रुळला नाही. माझं मत, तुमच्या गेमला नको.

खरं तर तुमच्या तिन्ही पर्यायांपेक्षा चौथा बरा आहे. दोघांनी आपली चाल लपवून निवडायची आणि सर्व्हरनं दोन्ही एकदम उघडायच्या. त्या फेरीतले दोन्ही वार लागू होतात. एकाच फेरीत दोघं पडले तर ज्याचे एचपी शून्याच्या जास्त खाली गेले तो हरला, तेही सारखे असतील तर बरोबरी. पहिला-दुसरा हा भेदच राहत नाही, त्यामुळं भरपाईही नको आणि शस्त्र बदललं म्हणून परत मोजायलाही नको. शिवाय ढालीला खरी किंमत येते, कारण समोरचा आता मारणार की औषध घेणार हे ओळखावं लागतं. डोकं लावायला जागा याच्यात आहे.

अंबाजोगाईकर
हे पटायलंय. आमचं अर्धं कोड बदलावं लागेल, पण पटायलंय.

हिंगोली_रेंज
दादा, एकदम चाल उघडणार असाल तर आम्हा गावाकडच्यांचं बघा. आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरची रेंज पण जाते. शहरात वायफायवर बसलेल्याची चाल लगेच पोहोचते, माझी गोल गोल फिरत राहते. दुसऱ्या एका गेममध्ये आधी पोहोचली त्याची चाल आधी धरायचे, तिथं मी खेळणंच सोडलं.

नांदेड_कोडर
एकदम बरोबर मुद्दा. अंबाजोगाईकर, हे तीन नियम पक्के ठेवा. चाल कधी पोहोचली याचा निकालाशी संबंध नको, दोघांच्या येईपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत सर्व्हर काहीच उघडणार नाही. वेळ १० सेकंद नको, ३० तरी द्या. आणि वेळ संपली म्हणून लगेच हरवू नका, त्या फेरीला आपोआप ढाल धरा. लागोपाठ तीन फेऱ्या काहीच आलं नाही तरच डाव संपवा, नाहीतर हरायला लागलं की मुद्दाम नेट बंद करणारे निघतात.

आणि एकाची चाल आलीय हे दुसऱ्याला दाखवू नका. किती पटकन निवडली यावरून पण लोक अंदाज बांधतात.

जालन्याचा_स्ट्रायकर
कोड बदलायला वेळ लागणार असेल तर तोवर दोन डावांचं चालू करा की. आहे त्याच कोडवर चालतं.

गणितवाली_परभणी
स्ट्रायकरभाऊंचं ऐका. दोन डावांत फायदा दोघांनाही एकेकदा मिळतो. फक्त ७५-२५ असल्यामुळं बऱ्याच लढती १-१ होतील आणि सगळा निकाल शिल्लक एचपीवर येईल. म्हणून त्याच्या जोडीला पहिला वार अर्धा हेही लावा.

अंबाजोगाईकर
ठरलं. आज रात्री आव्हानाचा नियम काढतो, दोन डाव आणि अर्धा पहिला वार लावतो. लपवलेल्या चालीचं काम पोरांच्या परीक्षा संपेपर्यंत करून ठेवू. अर्धा वार लावण्याआधी बॉट लढवून आकडे इथंच टाकतो. ताई, ढाल आणि औषध धरून बॉटनं कधी काय निवडावं, हे रँडम ठेवू का काही नियमानं?

गणितवाली_परभणी
दोन्ही करा. एकदा पूर्ण रँडम, एकदा साधा नियम: ३० च्या खाली एचपी गेले की औषध, नाहीतर वार. दोन्हीकडे पहिल्याचा टक्का ५० च्या आसपास आला तरच अर्धा वार लावा. एकीकडेच आला तर आकडे इथं टाका, बघू.