सुरिनाम नदीवरच्या सारामाका गावात राहायचंय : कुठलं गाव, कधी, आणि आईला नेता येईल का?

पाणवठा
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये, आम्स्टेलवीनला असतो. नवऱ्याच्या ऑफिसातले बरेच सहकारी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचे, त्यांच्याकडून ऐकून ऐकून तिथे जायचं ठरवलंय. राजधानी पारामारिबो दोन-तीन दिवस आणि मग नदीवर वरच्या अंगाला एखाद्या सारामाका गावात मुक्काम, असा बेत आहे. सध्या ऑक्टोबर डोक्यात आहे. आई तेव्हा पुण्याहून आलेली असेल. ती ६८ वर्षांची, शाकाहारी, गुडघे कुरकुरतात, पण हौस आमच्यापेक्षा जास्त.

एका एजन्सीनं तीन दिवसांचं पॅकेज सुचवलंय. त्यात 'गावभेट' आणि रात्री 'सांस्कृतिक नृत्य' आहे. ते वाचून जरा कसंसंच झालं. माणसं बघायला जायचं म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. कुणी राहून आलंय का? कुठलं गाव सुचवाल?

हेगकर
राहून आलोय. पॅकेजबद्दल तुम्हाला जे वाटलं ते बरोबर वाटलं. तीन दिवसांपैकी दोन जाण्यायेण्यात जातात आणि उरलेल्या एका दिवसात गावाला तुमचा आणि तुम्हाला गावाचा उपद्रव. त्यापेक्षा एकच गाव निवडा आणि चार रात्री तिथेच राहा. राहण्याची जागा गावातल्याच लोकांनी चालवलेली असेल असं बघा. असं काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी मालक शहरातला असतो. बुकिंग करताना सरळ विचारायचं.

रस्ता असा: पारामारिबोहून दक्षिणेला आत्योनीपर्यंत डांबरी रस्ता आहे, साधारण तीन तास. पारामारिबोतल्या सारामाक्कास्ट्राट या रस्त्यावरून बस मिळतात, सामान आणि कोंबड्यांसकट. आत्योनीला रस्ता संपतो. पुढे कोरयाल, म्हणजे लांबलचक लाकडी होडी, मागे मोटार. बोटोपासी किंवा पिकिन स्ली दोन-तीन तास, जुमू त्याहून बराच वर.

आता गाव. पिकिन स्ली हे मोठं गाव, जुन्या चालीरीती पाळणारं. तिथे टोटोम्बोटी नावाच्या लाकूडकाम करणाऱ्यांच्या गटानं उभं केलेलं सारामाकांचं संग्रहालय आहे, आणि ते गावातल्याच माणसांनी स्वतःबद्दल मांडलेलं आहे. शहरातल्या कुठल्याही संग्रहालयापेक्षा मला ते आवडलं. बोटोपासी त्याच्या जवळच, ख्रिश्चन गाव. पाव्हण्यांची सवय आहे, काठावर चढउतार त्यातल्या त्यात सोपी. आई बरोबर असेल तर मी बोटोपासीला राहीन आणि होडीनं पिकिन स्लीला जाऊन येईन.

तांबडी माती
हेगकरांना +१, फक्त ऑक्टोबर नको. ऑगस्ट ते नोव्हेंबर तिथला मोठा कोरडा हंगाम. नदी उतरते, खडक वर येतात, होडी अडते. मग सगळ्यांनी उतरून गुडघाभर पाण्यात निसरड्या दगडांवर उभं राहायचं आणि होडी ढकलायची. तुम्हाला गंमत वाटेल, आईंना नाही. डिसेंबर-जानेवारीचा छोटा पावसाळा उरकल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. पाणी असतं आणि रोज भिजावंही लागत नाही.

पाणवठा
आईचा व्हिसा अजून काढलेला नाही, त्यामुळे मार्च जमेल. पण ही गावं नेमकी कुणाची? मला 'गुलामगिरीतून पळालेल्यांचे वंशज' एवढंच माहीत आहे. जाण्याआधी थोडं समजून घ्यावं म्हणते.

हेगकर
हा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे थोडा लांबणार.

सतराव्या शतकात आधी इंग्रज आणि १६६७नंतर डच, यांनी किनाऱ्याजवळ उसाचे मळे काढले. त्यासाठी आफ्रिकेतून माणसं आणून राबवली. त्यातली जी निसटली ती नदीनं वर गेली, कारण वर धबधबेवजा खळाळ आहेत (तिकडे त्यांना सुला म्हणतात) आणि जंगल आहे. सैन्याच्या होड्या तिथे अडकायच्या. म्हणजे तुम्ही आज ज्या खडकांना शिव्या द्याल, त्यांनीच ही गावं राखली. डचांनी वर्षानुवर्षं मोहिमा काढल्या, गावं आणि शेतं जाळली, लोक आणखी आत सरकले आणि उलटून मळ्यांवर छापे घालत राहिले. शेवटी डचांनाच तह करावा लागला. १७६० साली ओकानिसींशी (न्द्युका), १७६२ साली सारामाकांशी, १७६७ साली मातावाईंशी; तिघंही असेच निसटून वर गेलेल्यांचे समाज. वसाहतीतली गुलामगिरी कायद्यानं संपली १८६३ साली. म्हणजे किनाऱ्यावर माणसं विकली जात होती तेव्हा नदीवर वर शंभर वर्षं स्वतंत्र गावं नांदत होती. तहात एक बोचरं कलमही होतं: यापुढे पळून येणाऱ्यांना परत सोपवायचं. याबद्दल गावात चौकशी करत बसू नका. निसटून आलेल्या पहिल्या पिढ्यांच्या काळाच्या गोष्टी तिथे अजून जपून, मोजक्या माणसांत सांगितल्या जातात. पाव्हण्यानं खणून काढायचा तो विषय नव्हे.

कारभार आजही स्वतःचा आहे. सगळ्यांवर ग्रानमान, गावाला कॅप्टन, त्याच्या हाताखाली बासिया. कूळ आईकडून चालतं.

आणि येताना डावी-उजवीकडे ब्राउन्सवेगसारखी वसवलेली गावं लागतील, ती बघताना लक्षात ठेवा की हे धरणग्रस्त आहेत. १९६०च्या दशकात आफोबाका धरण बांधलं, ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून. सुमारे १,५०० चौरस किलोमीटर पाण्याखाली गेलं आणि जवळपास ६,००० सारामाका उठवले गेले. वीज पारानामच्या कारखान्याला आणि शहराला गेली. वरच्या गावांत अलीकडेपर्यंत बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी काही तास जनरेटर किंवा मग सौर पॅनल. कोयनेच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

रानवाट
त्यात एक भर. नव्वदच्या दशकात सरकारनं त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचे परवाने परस्पर वाटले. गावांनी एकत्र येऊन खटला आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला आणि नोव्हेंबर २००७मध्ये जिंकला. जमिनीवर मोठा प्रकल्प करायचा तर आधी त्या लोकांची संमती घ्या, असा निकाल. त्या लढ्यातले वान्झे एदुआर्ड्स आणि ह्युगो जाबिनी यांना २००९चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. निकालाची अंमलबजावणी मात्र रेंगाळलेलीच आहे. आपल्याकडच्या वनहक्काच्या कामात असलेल्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

तांबडी माती
आता बाई म्हणून काही गोष्टी, ज्या पुरुषमंडळी सांगत नाहीत.

गावात स्विमसूट किंवा शॉर्ट्सवर फिरू नका. बायका कमरेला पांगी (एक कापड) गुंडाळतात, तुम्हीही एक घ्या. पारामारिबोच्या बाजारात मिळते, पण गावात कुणा बाईकडून घेतलीत तर जास्त बरं. आईंना साडी नेसून जायला काहीच हरकत नाही, होडीत तेवढा सलवार-कमीज सोयीचा.

जुन्या चालीच्या गावांत पाळीच्या दिवसांत बायका वेगळ्या झोपडीत राहतात, गडचिरोलीतल्या कुर्माघरासारखं. पाव्हणीला कुणी झोपडीत पाठवत नाही, पण काही जागी जाऊ नका असं सांगतील. पटो न पटो, चार दिवसांच्या पाव्हण्यांनी तिथे वाद घालू नये असं माझं मत.

गावाच्या वाटेवर ताडाच्या झावळ्यांचं तोरण दिसेल, त्याच्या खालून जायचं. कापड बांधलेले खांब दिसले तर ती पितरांची जागा, तिथून लांब. फोटो विचारल्याशिवाय कुणाचाही नाही, नदीवर भांडी घासणाऱ्या बायकांचा तर नाहीच. सकाळी नदीवर सगळं गाव असतं, आणि तिथे कॅमेरा नेणं म्हणजे कुणाच्या न्हाणीघरात शिरणं.

पाणवठा
हे फार कामाचं. आणि जेवणाचं काय? आई अंडंही खात नाही.

तांबडी माती
भात आहेच, तो त्यांचा स्वतःचा डोंगरउतारावरचा. कसाव्याची मोठी पातळ भाकरी आणि क्वाका, म्हणजे कसाव्याचा भाजलेला जाडसर रवा. तो दुधासाखरेत छान लागतो. भेंडी आणि शेंगदाणे मिळतात. पण गावात 'भाजी' म्हणजे बहुधा मासा किंवा शिकार घातलेलीच, आणि 'मांस नको' म्हटलं तर मासा वाढतात. 'मासाही नको, रस्साही नको' असं आधी कळवा. सोबत डाळ आणि मसाला न्या. पारामारिबोत अडचण नाही, हिंदुस्तानी लोक बरेच. १८७३ साली 'लाला रूख' जहाजानं पहिले मजूर नेले, त्यांचे वंशज. त्यांची सरनामी भोजपुरीच्या अंगानं जाते, आईंचं हिंदी तिथे खपून जाईल. नदीवर मात्र नाही, तिथे सारामाकांची स्वतःची भाषा. डच बरेच जण बोलतात.

गोळीऔषध
डॉक्टर आहे म्हणून लिहितो. सुरिनाम पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलं आणि लशीचा दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घ्यायची असेल तर दुष्परिणामांचा धोका जास्त, तेव्हा आईंनी प्रवास-लसीकरणाच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय घेऊ नये. नदीवरचा मुक्काम त्या बोलण्यावर ठरवा, तिकिटावर नव्हे. मलेरियाची भीती पूर्वीइतकी नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५मध्ये सुरिनामला मलेरियामुक्त जाहीर केलं. डेंग्यूसाठी मच्छरदाणी आणि मलम हवंच. जुमूला मेडिश्शे झेंडिंग या आरोग्यसेवा संस्थेचं केंद्र आहे, पण रोजच्या गोळ्या पुरेशा बरोबर ठेवा.

हेगकर
आणि शेंगेन, म्हणजे युरोपचा सामाईक व्हिसा! आईंचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सुरिनामहून परत आम्स्टरडॅमला शिरता येणार नाही. अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा.

डॉक्टरांनी नाही म्हटलं तर तुम्ही दोघं तरी जा. वर नदीवर एटीएम नाही, रोख पारामारिबोतच काढा. सुट्ट्या नोटा.

पाणवठा
सगळ्यांचे आभार. आधी डॉक्टर, मग व्हिसा, मग मार्चमध्ये बोटोपासी चार रात्री, मध्ये एक दिवस पिकिन स्ली. पॅकेजवाल्याला नाही कळवलं. शेवटचा प्रश्न: कॅप्टनना भेटायचं असेल तर काय न्यायचं? मिठाई चालेल?

हेगकर
मिठाई मुलं संपवतील. कॅप्टनला रमची बाटली. ती पितरांसाठी जमिनीवर ओततात, मग उरलेली फिरते. ज्यांच्याकडे उतराल त्यांनाच सांगा, ते घेऊन जातील आणि कधी द्यायची तेही सांगतील. आईंनी नुसते हात जोडले तरी चालतं.

पाणवठा
आई म्हणतेय बाटली तीच देणार.