वाऱ्यात ट्रायपॉड किती कामाचा?
डोंगरावर वारा असेल तर ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, हवाच, या मताशी मी अंशतः सहमत आहे. त्याचा मधला दांडा वर काढू नये आणि कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून ठेवावा, कारण फडफडणारा पट्टाच कित्येकदा चित्र हलवतो. वजनासाठी खाली अडकवलेली सॅक जमिनीला टेकलेली नसेल, तर ती लंबकासारखी झुलून उलट अपायच करते. उघड्या धारेवर मात्र मी ट्रायपॉड काढतच नाही. खडकाच्या आडोशाला बसून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवून शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवतो, कारण थोडे दाणेदार छायाचित्र चालते, हललेले सुधारत नाही. चित्रात गवताच्या लाटा वाहत्या, धूसर हव्या असतील तर शटरचा वेग १/१५ सेकंदाच्या आसपास उतरवावा लागतो, आणि तेव्हा दहांतले एखादेच साधते.