मदत हवी आहे: एका एनसीवरून (पोलिसांकडच्या अदखलपात्र तक्रारीवरून) शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना रद्द करता येतो का?

बांधावरचा:
सिंधुदुर्गातलं प्रकरण आहे. शेतीसंरक्षणासाठी घेतलेली ठासणीची एकनळी बंदूक, परवानाधारकाचं वय ६४. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दिलाय. पोलीस अहवालात 'परवाना धारण करण्यास अयोग्य' एवढाच शेरा आहे आणि त्यावरून परवाना रद्द का करू नये अशी कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तराला १५ दिवस. नावावर दोनच गोष्टी: बांधाच्या वादातली २०२१ ची एनसी आणि त्याच वादात आलेली चॅप्टर केसची (शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याच्या कारवाईची) नोटीस. एफआयआर नाही, शिक्षा नाही. उत्तरात काय लिहायचं, कोणते कागद लावायचे, बंदूक आत्ताच जमा करायची का?

दप्तरदार:
आधी नोटिशीत कलम कोणतं घातलंय ते बघा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये परवाना नाकारणं कलम १४ खाली येतं, आणि १५(३) मुळे तेच नूतनीकरणालाही लागू होतं. दिलेला परवाना निलंबित किंवा रद्द करायचा तर कलम १७(३). दोन्हीकडे 'कोणत्याही कारणाने अयोग्य' अशी ऐसपैस शब्दरचना आहे. सगळा घोळ तिथेच होतो: ठाण्यातून 'अयोग्य' लिहून येतं, वर तोच शब्द आदेशात उतरतो, आणि अयोग्य कशावरून ते कुणीच लिहीत नाही.

म्हणून पहिला अर्ज उत्तराचा नकोच. पोलीस अहवालाची आणि त्यासोबतच्या कागदांची प्रत मागा, ती मिळाल्यावर उत्तराला मुदत द्या असं लिहा, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घ्या. प्रत नाही मिळाली तरी १५ दिवसांच्या आत थोडक्यात उत्तर टाकाच, नाहीतर 'काही म्हणणे नाही' असं धरून एकतर्फी आदेश निघतो.

आता एनसी. अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणजे तपासाचा आदेश झालाच नसेल तर ती फक्त समोरच्याची बाजू आहे. हे वाक्य उत्तरात हवंच. चॅप्टरचं म्हणाल तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ ची बंदूक बाळगण्यावरची बंदी बंधपत्र देण्याचा आदेश झाला असेल तर, आणि त्या बंधपत्राच्या मुदतीपुरतीच लागते. नुसती नोटीस (तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६) म्हणजे बंधपत्र नव्हे. चॅप्टरचा शेवट काय झाला त्या आदेशाची किंवा रोजनाम्याची (प्रकरणातल्या तारीखवार नोंदींची) प्रमाणित प्रत काढा. हा एक कागद बाकी दहांपेक्षा जड आहे.

ठाणेअंमलदार:
वरचं बरोबर, पण एनसी म्हणजे काहीच नाही असं धरून चालू नका. मजकूर वाचा. बांध कोरला, शिवीगाळ केली, इतकंच असेल तर दप्तरदार म्हणतात तसं. पण 'बंदुकीने उडवीन' असं एक वाक्य त्यात असेल तर चित्र पालटतं. परवान्याची पडताळणी ही शिक्षा नसते, पुढच्या धोक्याचा अंदाज असतो. दोषसिद्धीची वाट बघायची तर पडताळणी हवी कशाला? तसं वाक्य असेल तर लपवू नका. त्यानंतर वाद मिटला का, मोजणी झाली का, दुसरी तक्रार आली का, हे कागदानिशी दाखवा. शारीरिक व मानसिक प्रकृतीचा ताजा वैद्यकीय दाखलाही जोडा, चौसष्टाव्या वर्षी तो कामाला येतो.

बांधावरचा:
एनसीत बंदुकीचा उल्लेख नाही. मोजणी २०२२ ला झाली, 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) आहे. मात्र निवडणुकीत बंदूक जमा करून घेतली होती, तेही अहवालात 'प्रतिबंधात्मक कारवाई' म्हणून धरलंय असं कळतं.

दप्तरदार:
हे खोडून काढा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये छाननी समितीची पद्धत घालून दिली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत सापडलेले यांचा आढावा घ्यायचा, सरसकट सगळ्यांचा नव्हे. तुमच्याकडे आलेला आदेश नावानिशी होता की गावातल्या सगळ्या बंदुकांसाठी एकच होता? सरसकट असेल तर त्यातून या माणसाविषयी काहीच सिद्ध होत नाही. जमा पावती आणि परतीची नोंद लावा.

काडतूस१२:
जमा करण्याबद्दल. नुसत्या नोटिशीने परवाना संपत नाही. पण निलंबनाचा किंवा रद्द केल्याचा आदेश हाती पडला की त्यानंतर बंदूक घरात ठेवणं हाच वेगळा गुन्हा होतो. कलम २१ प्रमाणे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. विक्रेता बरा, कारण मुद्देमालाच्या खोलीत कोकणातला एक पावसाळा नळीला गंज चढवायला पुरतो. नेण्याआधी बार भरलेला नाही याची खात्री करा (ठासणीच्या बंदुकीत हे हमखास राहून जातं), दारू आणि केप (बार पेटवणाऱ्या टोप्या) वेगळ्या द्या, नळीला आतबाहेर तेल लावा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि नळीची स्थिती लिहून घ्या. जमा केली की विसरू नका, ठरलेल्या मुदतीत सोडवली किंवा विकली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते.

दप्तरदार:
आदेश विरुद्ध गेलाच तर कारणांचा गोषवारा लेखी मागा. सार्वजनिक हिताचा अपवाद सोडला तर तो द्यावा लागतो. अपील ३० दिवसांत, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे तुमच्यासाठी कोकण भवन. सोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्या, कारण नुसत्या अपिलाने मूळ आदेश थांबत नाही. सुनावणी न देता अपील निकाली काढता येत नाही, हे कलम १८ मध्येच आहे.

बांधावरचा:
धन्यवाद मंडळी. प्रत मागणीचा अर्ज उद्याच टाकतो. रोजनाम्याची नक्कल मिळाली की इथे लिहितो.