मदत हवी आहे : महापालिकेच्या दोन शाळा, दोन श्रेणी, निवड कशी करावी?

सिंहगडरोडकर : आमच्या घराजवळ पुणे महापालिकेच्या दोन शाळा आहेत. एकीच्या फलकावर ‘अ’ श्रेणी आहे, तर दुसरीला ‘ब’ मिळाली असली तरी तिथली मुले अधिक चांगले वाचतात, असे शेजारी सांगतात. श्रेणीवर विश्वास ठेवावा का? उत्तर लवकर हवे आहे.

चिकित्सक : इयत्ता आणि माध्यम कोणते? श्रेणी शाळासिद्धीची, म्हणजे शाळांच्या मूल्यांकनाच्या केंद्राच्या कार्यक्रमाची, असेल तर ती कोणत्या वर्षाची, आणि स्वयंमूल्यांकनाची की बाह्य मूल्यांकनाची? राज्याच्या शाळा मूल्यांकनाच्या नव्या आराखड्यात 128 मानके आहेत. जुन्या श्रेणीशी त्याची तुलना करता येणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक : शाळासिद्धीत 7 क्षेत्रे आणि 46 गाभा मानके असून प्रत्येक मानकाला 1 ते 3 यांपैकी एक स्तर दिला जातो. इमारत, स्वच्छतागृह, ग्रंथालय अशा संसाधनांचे क्षेत्र वेगळे आणि विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे वेगळे, पण फलकावर उतरते ते एकच अक्षर. स्वयंमूल्यांकनात तर शाळा स्वतःचा स्तर स्वतःच ठरवते.

आकडेमोड : त्यापेक्षा केंद्राचा कामगिरी श्रेणी निर्देशांक पाहा, तो 1000 गुणांचा आहे.

निवृत्त मुख्याध्यापक : तो राज्यांसाठी आहे, शाळांसाठी नाही. मुलांना किती येते हे देशभर तपासणारे 4 डिसेंबर 2024 चे परख सर्वेक्षणही तिसरी, सहावी आणि नववीच्या नमुना शाळांचे होते. त्यातून या दोन शाळांची तुलना होणार नाही.

कोथरूडची आई : शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांसाठी खासगी शाळेत अर्ज करा की!

सिंहगडरोडकर : खासगी शाळेबद्दल मी विचारलेलेच नाही. मुलगी पहिलीत जाणार आहे, मराठी माध्यम. ‘अ’ श्रेणी स्वयंमूल्यांकनाची आहे, असे कार्यालयात कळले. दुसरीची ‘ब’ बाह्य मूल्यांकनाची आहे.

चिकित्सक : हे आधीच सांगितले असते, तर अर्धा धागा वाचला असता. या दोन श्रेणी एका पारड्यात घालू नका. दोन्ही शाळांकडे अध्ययन-अध्यापन व विद्यार्थ्यांची प्रगती या दोन क्षेत्रांचे स्तर मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांना गाठा आणि इयत्ता दुसरीच्या वर्गातील मुलांकडून एखादा अनोळखी उतारा वाचून घेता येईल का, तेही विचारा.